आत्याला पित्तनळीत इन्फेक्शन, डॉक्टर म्हणलालेत आधी अँटिबायोटिक मग ऑपरेशन. थांबावं का पुण्याला हलवावं?

घरकुलकर

नमस्कार मंडळी, दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. माझी आत्या, वय ६१, सोलापुरात विडी घरकुलला राहते, विड्या वळते, शुगर आहे गोळी चालू आहे. तिला गेल्या वर्षी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले होते पण दुखत नव्हतं म्हणून घरच्यांनी काही मनावर घेतलं नाही. परवा एका लग्नात जेवून आली, रात्री उजवीकडं बरगडीखाली जोरात कळ, उलटी, ॲसिडिटी असंल म्हणून सोडा पिऊन पडली आणि सकाळी थंडी वाजून ताप, थंडी म्हणजे किती तर बाहेर मे महिन्याचं ऊन, पंखा लावला तरी घाम पुसायला लागतोय आणि ही दोन चादरी घेऊन थरथर कापतेय. गल्लीतल्या दवाखान्यात मलेरिया टायफॉईड तपासलं काही निघालं नाही, तापाची गोळी दिली. मग डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी एकदम गडद, संडास पांढरट, तेव्हा ॲडमिट केलं.

रिपोर्ट असे आहेत. बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा ७.४, पांढऱ्या पेशी १८,०००, लिव्हरच्या तपासणीतलं अल्कलाईन फॉस्फेटेज पण लई वाढलंय, ताप १०३ पर्यंत जातोय. सोनोग्राफीत पित्तनळी १२ एमएम फुगलेली, खाली गॅसमुळं दिसंना म्हणून एमआरसीपी म्हणजे पित्तनळीचा एमआरआय केला, त्यात नळीच्या खालच्या टोकाला खडा अडकलेला दिसतोय. डॉक्टर म्हणले कोलँजायटिस आहे, म्हणजे नळीतल्या पित्तात जंतू झालेत, आधी शिरेतून अँटिबायोटिक, मग ईआरसीपी करून दुर्बिणीनं नळीतला खडा काढायचा, आणि पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच्यानंतर वेगळं.

इथं घरात चार तोंडं चार दिशेला. मामा म्हणतेत खडा दिसलाय तर एकदाच पोट उघडून सगळं काढा की, दोन दोन वेळा कशाला. चुलतभाऊ म्हणतो हे बिल वाढवायचे धंदे, पुण्याला न्या. एक पाहुणे म्हणतेत काविळीचं गावठी औषध द्या. मला एवढंच विचारायचंय की इन्फेक्शन असताना ऑपरेशन का करत नाहीत, आणि अँटिबायोटिकनंच बरं वाटलं तर पुढचं टाळता येतं का? कुणाच्या घरी झालं असंल तर सांगा प्लीज.

होटगी_रोडवाला

भाऊ आमच्या सासऱ्यांना डिट्टो हेच झालं होतं, फक्त त्यांना शुगर नव्हती आणि वय जास्त. तुमच्या मामांसारखंच आम्हीपण डॉक्टरांशी हुज्जत घातली होती की एकदाच उरका. तेव्हा त्यांनी कागदावर लिव्हर, पित्ताची पिशवी म्हणजे पित्ताशय, नळी काढून दाखवली. खडे तयार होतात पिशवीत, पण आत्ता भांडण पिशवीचं नाहीच, एक खडा घरंगळून मेन नळीत आलाय आणि लिव्हरकडून येणारं सगळं पित्त तिथं अडलंय. पिशवी काढली तरी नळीतला खडा नळीतच राहतो. ही दोन वेगळी कामं आहेत, बिलासाठी पाडलेले तुकडे नाहीत.

आणि अँटिबायोटिकचं म्हणाल तर मोरी तुंबलीय आणि आपण वरनं नुसतं फिनेल ओततोय असं समजा. वास कमी होतो, पण बोळा काढल्याशिवाय पाणी जाणार नाही. सासऱ्यांचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला होता तर मेव्हणा लगेच डिस्चार्ज मागायला काउंटरवर. डॉक्टर म्हणले न्यायचं तर सही करून न्या, पण खडा आत आहे, परत भरणार. मग राहिलो. ईआरसीपी झाला, तोंडातून दुर्बीण घालतात, पोटावर कुठं टाका नाही, संध्याकाळी म्हातारा चहा मागत होता.

पुण्याचं म्हणाल तर अडीचशे किलोमीटर आहे. पेशंट तापात असताना, बीपी खालीवर होत असताना हलवायचं का ते आधी विचारा. ईआरसीपी करणारे पोटाचे डॉक्टर आता सोलापुरात पण आहेत. तुम्ही आहात तिथं सोय आहे का, आणि कधी करणार, हे दोन प्रश्न सरळ विचारा. सोय नसेल तरच हलवायचं, आणि तेही सलाईन अँटिबायोटिक चालू ठेवून ॲम्ब्युलन्समधनं. रात्री हायवेला स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर झोपवून न्यायचा शहाणपणा नको.

वॉर्डातली_ताई

मी सर्जरी वॉर्डला बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यामुळं डॉक्टरकी सांगत नाही, नातेवाईकानं काय बघायचं ते सांगते.

पहिलं, ब्लड कल्चर पाठवलं का विचारा. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी दोन बाटल्यांत रक्त घेतात, सेट म्हणतो आम्ही, तो पाठवतात आणि कुठला जंतू आहे, कुठलं औषध त्याला चालतं हे दोन तीन दिवसांत कळतं. ईआरसीपीच्या वेळेला पित्त पण कल्चरला पाठवता येतं. तोपर्यंत अंदाजानं मोठं औषध चालू ठेवतात कारण थांबायला वेळ नसतो. रिपोर्ट आला की औषध बदलतात, काही वेळा उलट साधं औषध देतात. त्यावर नातेवाईक म्हणतात आधीचं चुकीचं होतं का, तसं नसतं ओ.

दुसरं, आत्या बडबडायला लागली, कुठं आहे कळंना, नाव चुकवायला लागली, किंवा लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर गुंगी आहे म्हणून गप्प बसू नका, लगेच सिस्टरला हाक मारा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. या आजारात बीपी पडणं आणि भ्रम होणं म्हणजे जंतू रक्तात पसरलेत आणि मग नळी उद्या मोकळी करू असं म्हणता येत नाही, तेव्हाच्या तेव्हा करायला लागते. लघवीच्या पिशवीवर आकडे असतात, दर काही तासाला किती झाली ते एका वहीत लिहा. आमच्याकडं एक सून लिहायची, वेळ, लघवी, ताप, शुगर, सगळं पेन्सिलनं रकाने आखून, राऊंडला डॉक्टर आधी तिची वही बघायचे मग आमचा चार्ट.

तिसरं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाची वगैरे, तर आत्ताच सांगा. आणि काविळीत पित्त आतड्यात जात नाही म्हणून व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, पीटी आयएनआर म्हणजे रक्त गोठायचा आकडा वाढतो. म्हणून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात. अशा अवस्थेत पोट उघडायचं म्हणजे रक्तस्रावाची भीती, वर शुगर, वर रक्तात जंतू. मामांना हे सांगा.

माळावरचा

एवढं सगळं कशाला, आमच्या गावाकडं काविळीचा पाला देतात, रविवारी उपाशीपोटी जायचं, गळ्यात माळ घालतात, माळ जशी खाली उतरंल तशी कावीळ उतरते. आमच्या बहिणीची उतरली. दवाखान्यात लाख लाख घालवण्यापेक्षा एकदा बघा करून.

वॉर्डातली_ताई

दादा तुमच्या बहिणीला बहुतेक व्हायरसची कावीळ असंल, हिपॅटायटिस ए सारखी, ती पुष्कळदा आपली आपण उतरते, पाला खाल्ला तरी आणि नाही खाल्ला तरी. ही कावीळ खड्यानं नळी बंद झाल्याची आहे. माळ कितीबी खाली आली तरी खडा हलणार नाही. उपाशीपोटी पाल्याचा रस घेऊन, दोन दोन रविवार वाट बघून, पेशंट शेवटी आमच्याकडंच येतात, तेव्हा किडनी पण गेलेली असते. थंडी ताप आणि पिवळे डोळे एकत्र दिसले की घरी थांबायचं नाही, एवढं तरी तुमच्या गावात सांगा.

माळावरचा

मी आपलं अनुभवानं सांगितलं, राग मानू नका.

नवीपेठ_मेडिकल

माझं औषधाचं दुकान आहे. औषधांबद्दल थोडं. नळीतलं इन्फेक्शन हे बहुतेक आतड्यातल्या जंतूंचं असतं, ई कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकोकस असले. एरवी पित्त वाहतं असतं तेव्हा हे जंतू टिकत नाहीत, अडलं की वाढतात, नळीत प्रेशर वाढतं आणि ते लिव्हरमधून रक्तात ढकलले जातात, थंडी वाजते ती त्याच्यामुळं. म्हणून सेफ्ट्रायाक्सोनबरोबर मेट्रोनिडाझोल, सेफोपेराझोन सल्बॅक्टम, पिपरासिलिन टॅझोबॅक्टम, जास्त सिरियस असेल तर मेरोपेनेम, अशी इंजेक्शनं देतात. कुठलं आणि किती ते किडनी बघून ठरतं, शुगरवाल्यांत क्रिएटिनिन बघूनच डोस.

आता कडू बोलतो. आपल्या भागात ताप आला की लोक काउंटरवर येऊन "ती पाचशेची गोळी द्या तीन" म्हणतात, तीन खाल्ल्या, बरं वाटलं, सोडून दिल्या. चिठ्ठी मागितली की पुढच्या दुकानात जातात आणि तिथं मिळते हे पण मला माहीत आहे. याच्यामुळंच साध्या ई कोलायला साधी औषधं लागू होईनात आणि डायरेक्ट महागडी इंजेक्शनं लिहायला लागलेत. घरकुलकर, ॲडमिट व्हायच्या आधी आत्याला कुठली अँटिबायोटिक दिली होती का ते डॉक्टरांना सांगा, पाकीट असेल तर पाकीट दाखवा, त्यानं कल्चरचा अर्थ लावायला फरक पडतो.

आणि पूर्ण बंद नळीत अँटिबायोटिक पित्तात नीट उतरतच नाही, रक्तात पोचतं पण जिथं पू आहे तिथं कमी. होटगी रोडवाल्यांनी फिनेलचं सांगितलं ते बरोबर आहे.

इंटर्न_रात्रपाळी

ड्युटी संपता संपता लिहितोय. "आधीच ऑपरेशन का नाही" हा प्रश्न मामांचाच नाही, सर्जन लोकांनी पण एकेकाळी तसंच केलंय. ताप, कावीळ, पोटात उजवीकडं दुखणं ही तीन लक्षणं एकत्र म्हणजे नळीतलं इन्फेक्शन हे फ्रान्सच्या डॉक्टर शार्कोनं १८७७ मध्ये लिहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नळी मोकळी करायची तर पोट उघडणं हाच रस्ता होता. दुर्बिणीतून नळीचं तोंड कापून खडा काढायला १९७४ पासून सुरुवात झाली. मग हाँगकाँगमध्ये सिरियस कोलँजायटिसच्या ८२ पेशंटवर अभ्यास झाला, १९९२ ला छापून आला, अर्ध्यांना ऑपरेशन करून नळी मोकळी केली, अर्ध्यांना दुर्बिणीनं. ऑपरेशनवाल्यांत ३२ टक्के दगावले, दुर्बिणीवाल्यांत १० टक्के. तेव्हापासून तापलेल्या पेशंटचं पोट उघडणं हा शेवटचा पर्याय झाला. मामांना हा आकडा ऐकवा, बाकी काही सांगायची गरज नाही.

किती घाई करायची हे पण ठरलेलं आहे. टोकियो गाईडलाईन म्हणून आहे, २०१८ ची, त्यात हलका मध्यम गंभीर असे प्रकार. पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, ताप ३९ सेल्सिअस किंवा जास्त म्हणजे साधारण १०२ च्या वर, वय ७५ किंवा जास्त, बिलिरुबिन ५ किंवा जास्त, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन बरंच कमी, यातलं कुठलंही दोन असलं की मध्यम. तुमच्या आत्याचं पेशी, ताप आणि बिलिरुबिन तिन्ही आहे, म्हणजे मध्यम तरी आहेच. हलक्यात अँटिबायोटिक देऊन एक दिवस वाट बघतात, मध्यममध्ये नळी लवकर मोकळी करायची, आणि बीपी, किडनी, मेंदू यातलं काही बिघडलं की गंभीर, तिथं तातडीनं. मी पेशंट बघितलेला नाही, हे तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून आहे, शेवटचा शब्द समोरच्या डॉक्टरांचा.

म्हणजे "आधी अँटिबायोटिक" याचा अर्थ आठवडाभर इंजेक्शनं देऊन मग बघू असा नाही. अँटिबायोटिक, सलाईन, शुगरसाठी इन्सुलिन, आयएनआर सुधारणं हे सगळं एका बाजूला आणि ईआरसीपीची तयारी दुसऱ्या बाजूला, एकदमच चालतं. उद्या राऊंडला विचारा, "ईआरसीपी कुठल्या दिवशी धरलाय सर?"

घरकुलकर

सगळ्यांचे आभार, मध्ये लिहायला जमलं नाही. इंटर्न भाऊंचा हाँगकाँगचा आकडा मामांना वाचून दाखवला, गप्प झाले. पुण्याला नेलं नाही. ईआरसीपी झाला, खडा निघाला, एक नव्हे दोन होते आणि काळपट गाळ पण भरपूर निघाला म्हणे, आत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, ठेवलाय. थंडी वाजायची बंद झालीय, बिलिरुबिन ३.१ वर आलंय. रक्ताच्या कल्चरमध्ये ई कोलाय निघाला आणि सुरुवातीचं इंजेक्शन त्याला लागू नव्हतं म्हणून बदललं, ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घरात कुणी गोंधळ घातला नाही, नाहीतर चुलतभाऊ तयारच होता.

आता नवीन अडचण अशी की आत्याला बरं वाटलालंय आणि ती म्हणतेय मला घरी सोडा, ऑपरेशन दिवाळीनंतर बघू, पोरीचं बाळंतपण आहे मध्ये. डॉक्टर म्हणतेत याच ॲडमिशनमध्ये नाहीतर दोन आठवड्यात करून टाका. ताप नाही, दुखत नाही, मग एवढी घाई का? आणि अँटिबायोटिक अजून किती दिवस? खर्चाचं पण टेन्शन आहेच.

इंटर्न_रात्रपाळी

नळी मोकळी झाल्यावर साधारण ४ ते ७ दिवस अँटिबायोटिक पुरतं. रक्तात एंटेरोकोकससारखे काही ठराविक जंतू निघाले तर दोन आठवडे देतात, तुमच्यात ई कोलाय आहे त्यामुळं तो प्रश्न नाही. ताप गेला, तोंडानं खायला लागली की इंजेक्शनवरून गोळीवर आणतात, कल्चरमध्ये चालणारी गोळी असेल तर. खडे पूर्ण निघाले का, का काही राहिलेत, हे मात्र ईआरसीपीच्या रिपोर्टमध्ये वाचा, त्यावर पुढचं अवलंबून.

ऑपरेशनची घाई यासाठी की खडे बनवणारी पिशवी अजून जागेवरच आहे. नळी साफ केलीय, पण पिशवीतनं अजून एखादा खडा उतरला तर परत तोच खेळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज, ती याच्यापेक्षा वाईट दुखणं. युरोपच्या गाईडलाईनमध्ये ईआरसीपीनंतर दोन आठवड्यांच्या आत पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं पित्ताशय काढा असंच आहे. जितका उशीर तितकं पित्ताशय आजूबाजूला चिकटतं आणि दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन उघडं करावं लागायची शक्यता वाढते. पिशवीलाच खूप सूज असेल, पू असेल, किंवा भूल द्यायला पेशंट फिट नसेल तर सर्जन स्वतःच काही आठवडे थांबवतात, ते वेगळं. तुमचे डॉक्टर स्वतः लवकर म्हणतेत म्हणजे त्यांना आत्ता सोयीचं दिसतंय.

वॉर्डातली_ताई

आणि बाळंतपणाचं उलटं बघा. लेकीच्या नवव्या महिन्यात आईला परत थंडी ताप आला तर कोण कुणाला बघणार? दुर्बिणीच्या ऑपरेशनला सगळं नीट गेलं तर एक दोन दिवसांत घरी सोडतात, दोन तीन आठवड्यांत बाई हिंडती फिरती होते. आत्ता झालं तर बाळंतपणाला ती मोकळी असंल. आत्याला असं समजावा, खडा बिडा सांगू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा आणि घरात दोघांना तरी सांगून ठेवा, आत स्टेंट आहे. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो, परत दुर्बीण घालून. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घ्या, कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. लोक पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की सगळं संपलं म्हणून विसरतात, वर्षा दोन वर्षांनी स्टेंट गाळानं तुंबून परत काविळीत येतात आणि विचारलं तर म्हणतात, कसला स्टेंट?

होटगी_रोडवाला

खर्चाचं, सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना लागते का बघा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक जण टेबल टाकून बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडं जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, पण कुठला उपचार बसतो आणि कुठला नाही हे त्याच्याकडनंच लिहून घ्या, आणि ऑपरेशनच्या आधी, कारण मंजुरी आधी लागते. तुमचा दवाखाना योजनेत नसेल तर पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी सिव्हिलला सगळी फाईल घेऊन दाखवायला काय हरकत नाही, एमआरसीपीची सीडी, ईआरसीपीचा रिपोर्ट, कल्चर रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स काढा. रिपोर्ट नसले की परत सगळ्या तपासण्या लावतात.

घरकुलकर

आरोग्यमित्राला भेटून आलो, रेशनकार्डावर आत्याचं नाव आहे पण आधारमध्ये आडनावाचं स्पेलिंग वेगळं, ते नीट करायला उद्या जातोय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात धरलंय, आत्या तयार झाली, ताईंची बाळंतपणाची आयडिया चालली. शेवटचा प्रश्न, आत्याचाच आहे, मला विचारायला लावलाय. शेंगा चटणी आणि कडक भाकरी कधी चालंल?

वॉर्डातली_ताई

ऑपरेशनपर्यंत तेल तूप तळलेलं बंद, त्यामुळं चटणी नाही, तेल टाकून तर अजिबात नाही. भाकरी ताकात किंवा पातळ वरणात कुस्करून खाऊ दे, शुगर बघून. ऑपरेशननंतर एक दोन आठवडे साधं खायचं, मग थोडी थोडी चटणी सुरू करून बघायची, काही जणांना सुरुवातीला तेलकट खाल्लं की पातळ होतं, ते बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. पित्त लिव्हरच करतं, पिशवी फक्त साठवायची, त्यामुळं जन्मभर पथ्य वगैरे काही नसतं. शुगरचं पथ्य मात्र आहेच.